कलासंग्रहालये की मंगल कार्यालये?

पावसाळा ओसरून नवरात्राचे घट बसले की मुंबई-पुण्याकडील कलासंग्रहालयांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीच्या सुटीत मुलांसाठी पणत्या रंगविण्याची कार्यशाळा, थंडी पडताच हिरवळीवर सतारवादन, संक्रांतीच्या सुमारास कवितावाचन आणि कापडावरील ठसेछपाईचे पाठ, पुढे नृत्य, कथाकथन, चित्रपट, कुंभारकाम आणि रविवारी सकाळी झाडांखाली योगासने, असा हा भरगच्च क्रम होळीपर्यंत चालतो. मुंबईत काळा घोडा परिसरात १९९९ साली सुरू झालेल्या कलामहोत्सवाने तर फेब्रुवारी हा कलेचा महिनाच ठरवून टाकला आहे. अशा हंगामाची कार्यक्रमपत्रिका हाती पडली म्हणजे प्रथमदर्शनी कोणासही धन्यता वाटावी. परंतु ती दुसऱ्यांदा, जरा सावकाशीने वाचावी. कार्यक्रम कोणाचा, किती वाजता, शुल्क किती, चहापानाची सोय कोठे, गाडी कोठे उभी करावी, हे सारे तीत असते. एवढेच नसते की, या संग्रहालयातील कोणत्या चित्राशी, कोणत्या मूर्तीशी, कोणत्या वस्तूशी त्या कार्यक्रमाचा काय संबंध आहे. आणि ते नसण्याचे कारण छापणाऱ्याचा विसर हे नव्हे; संबंधच नसतो, हे आहे.

मंगल कार्यालयाचा एक गुण सर्वांना ठाऊक आहे. तेथे आज लग्न, उद्या मुंज, परवा साठीशांत. यजमान बदलतात, मांडव तोच राहतो. वधू कोणाची आणि वर कोणाचा, याच्याशी कार्यालयाच्या चालकास कर्तव्य नसते, आणि ते असू नये हेच योग्य. परंतु ज्या वास्तूत एखाद्या समाजाने आपल्या हजार-दोन हजार वर्षांच्या हस्तकौशल्याची ठेव ठेवली आहे, त्या वास्तूच्या चालकांनीही अशीच अलिप्त वृत्ती धारण करावी काय? आमचे स्पष्ट मत असे आहे की, आमची कलासंग्रहालये आज वेगाने मंगल कार्यालये होऊ लागली आहेत, आणि सुशिक्षित वर्ग त्याला 'संस्कृतीचे पुनरुज्जीवन' असे भारदस्त नाव देऊन टाळ्या वाजवीत आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. आम्ही उत्सवांचे शत्रू नव्हे. काचेच्या कपाटांवर धूळ बसावी, पहारेकऱ्याने स्टुलावर डुलकी घ्यावी आणि जड पावलांनी आलेल्या प्रेक्षकाने जड पावलांनीच निघून जावे, हे जुने संग्रहालय आम्ही पुष्कळ पाहिले आहे व त्याविषयी आम्हांस काडीचेही ममत्व नाही. गाणे, नाचणे, मातीत हात घालणे, रंगात बोटे बुडविणे ही सारी चांगलीच कामे आहेत. प्रश्न ती चांगली की वाईट हा नसून ती येथेच का, हा आहे. म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. जो कार्यक्रम संग्रहालयाबाहेर, एखाद्या शाळेच्या पटांगणात वा खाजगी सभागृहात, तितक्याच चांगल्या रीतीने होऊ शकेल, तो संग्रहालयात होण्याचे प्रयोजन नाही. आणि जो कार्यक्रम संग्रहालयातील वस्तू उचलून नेली तर तत्काळ लंगडा पडेल, तोच संग्रहालयाचा खरा कार्यक्रम होय.

ही कसोटी फार कडक आहे, असे कोणी म्हणेल. पण ही वास्तू उभी कशासाठी राहिली, याचा थोडा इतिहास आठवावा. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले. त्यासाठी डॉक्टर भाऊ दाजी, नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांनी खटपट केली, शहरातील लोकांकडून वर्गणी गोळा केली. १९७५ साली त्या संग्रहालयास भाऊ दाजींचे नाव मिळाले ते उगाच नव्हे. फोर्टातील दुसऱ्या मोठ्या संग्रहालयाची कोनशिला १९०५ साली बसली. इमारत १९१४ साली तयार झाली. पहिल्या महायुद्धात तिचे लष्करी इस्पितळ झाले. आणि अखेर १९२२ साली ते संग्रहालय म्हणून उघडले. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. या उभारण्यांमागे परकी सरकारचा डौल होता, हे खरे. पण त्याबरोबरच येथील माणसांची अशी श्रद्धाही होती की, सामान्य मनुष्याने एखादी उत्तम वस्तू प्रत्यक्ष पाहिली तर त्याची बुद्धी व रुची वाढते. सामान्य जनांनी या इमारतींना 'अजबखाना' म्हटले. त्या शब्दाला सुशिक्षित लोक हसतात. पण त्यात 'अजब' आहे, म्हणजे आश्चर्य आहे; आणि ते आश्चर्य वस्तूपुढे उभे राहून वाटावयाचे आहे, वस्तूकडे पाठ करून बसलेल्या गवयाचे गाणे ऐकून नव्हे.

आमच्या देवळांत दोन मूर्ती असतात. एक गाभाऱ्यातील मूळमूर्ती. ती हलत नाही. दुसरी उत्सवमूर्ती, ती पालखीत बसते, छत्रचामरे मिरविते, गावभर हिंडते. पालखी निघते ती कशासाठी? जे गाभाऱ्यापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांना देवाने आपण होऊन भेटावे, आणि त्या भेटीने त्यांच्या मनात मूळमूर्तीची ओढ उत्पन्न व्हावी, यासाठी. उत्सवाच्या रात्री गाभाऱ्यात नंदादीपच नसेल, दाराला कुलूप असेल आणि पालखीतही कोणी दुसराच बसला असेल, तर त्या उत्सवास काय म्हणावे? संध्याकाळी संग्रहालयाच्या अंगणात दिव्यांचा झगमगाट, शेकडो खुर्च्या, ध्वनिक्षेपक. आणि त्याच वेळी मागील इमारतीतील दालने बंद! कार्यक्रमास आलेला श्रोता संग्रहालयात येऊन जातो, पण संग्रहालय पाहून जात नाही. दिवसा जो येतो त्याची तऱ्हा निराळी. अंगणात खुर्च्या शेकडो. पण एखाद्या चित्रापुढे पाच मिनिटे बसावे म्हटले तर पुष्कळ दालनांत एक बाकही नाही. ज्या संस्थेने पाठमोऱ्या प्रेक्षकाची एवढी सोय करावी आणि सन्मुख प्रेक्षकाची एवढी गैरसोय करावी, तिचे चित्त कोठे आहे हे सांगावयास ज्योतिषी नको.

आता कसोटी लावून पाहू. मुलांचे कुंभारकाम घ्या. फिरते चाक, ओली माती, दोन तासांत एक वाकडी वाटी. मूल आनंदाने घरी जाते. हे कोठेही होऊ शकते. परंतु मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपातून आलेली भाजलेल्या मातीची शिल्पे आहेत. १९०९-१० साली हेन्री कझिन्स याने तेथे उत्खनन केले होते. हाती कमळ घेतलेल्या एका उपासकाची त्यांतील मूर्ती सुमारे दीड हजार वर्षांची आहे, आणि तिच्यावर रंगाचे अंश अद्याप टिकून आहेत. मुलांना आधी तिच्यापुढे बसवावे. विचारावे की, सिंधमध्ये दगडाऐवजी माती का वापरली असेल? एवढी मोठी मूर्ती भट्टीत तडकली कशी नाही? तिला रंग का दिला? आणि सिंधची मूर्ती मुंबईस कशी आली? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता, हे ओघानेच येईल. मग त्यांच्या हाती माती द्यावी, आणि वाटी नव्हे, कमळ धरलेला एक हात करावयास सांगावे. तो हात वाकडा होईल. पण मूर्तीपुढे परत जाऊन ते मूल ज्या डोळ्यांनी पाहील, ते डोळे सकाळचे नसतील. पहिले कुंभारकाम फावल्या वेळेचे. हे दुसरे संग्रहालयाचे.

दुसरे उदाहरण भायखळ्याच्या हत्तीचे. घारापुरी बेटावर एक दगडी हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडास नेण्याचा बेत झाला. उचलताना कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले आणि १९१४ साली जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. कागदाचा हत्ती कोणीही कोठेही करील. पण या हत्तीच्या अंगावरील सांधे बोटाने दाखवून, 'हा हत्ती लंडनला का गेला नाही?' या एका प्रश्नावर तासभर बोलणे जगात फक्त त्याच आवारात शक्य आहे. लोभ, अपघात, उपेक्षा आणि दुरुस्ती एवढ्या चार अवस्था एकाच दगडात वाचता येतात. इतके भाग्य लाभलेल्या शहराला कागदी हत्तींची ददात का पडावी?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, लोकांना वस्तू नको आहेत, करमणूक हवी आहे. अंगणात आले तर उद्या आतही येतील. या युक्तिवादाला एक चांगला दाखला आहे, पण तो आक्षेपकांच्या उपयोगाचा नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेतील चित्रे बॉम्बच्या भीतीने वेल्समध्ये हलविण्यात आली. रिकाम्या भिंतींच्या त्या इमारतीत मायरा हेस या पियानोवादिनीने १० ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. त्या १९४६ पर्यंत चालल्या आणि त्यांची संख्या १७०० च्या घरात गेली. संग्रहालयात गाणे कसे शोभते, याचे याहून उदात्त उदाहरण नाही. पण पुढे काय झाले? १९४२ साली लोकांकडूनच मागणी आली की, आम्हांला चित्रे पाहावयाची आहेत, निदान एक तरी आणा. तेव्हा संचालक केनेथ क्लार्क यांनी दरमहा एक चित्र खाणीतून आणून एकटेच टांगण्याची प्रथा पाडली. टिशियनचे एक चित्र आरंभीच्या अशा चित्रांपैकी होते. रात्री पुन्हा ते सुरक्षित जागी जाई, सकाळी पुन्हा भिंतीवर येई. मृत्यू डोक्यावर घिरट्या घालीत असताना माणसे त्या एका चित्रापुढे रांगा लावून उभी राहिली. तात्पर्य, चित्रे नव्हती म्हणून तेथे गाणे आले. आणि गाणे कितीही उत्तम असले तरी चित्राची भूक गाण्याने भागली नाही. आमच्याकडे चित्रे भिंतीवर आहेत, बॉम्ब पडत नाहीत, आणि तरीही भिंती रिकाम्या असल्याप्रमाणे आम्ही वागतो.

दुसरा आक्षेप लोकशाहीचा. जुनी संग्रहालये उच्चभ्रूंची होती, आता ती सर्वांची व्हावयास हवीत. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने नवी व्याख्या स्वीकारली, तीतही सर्वांना प्रवेश, लोकांचा सहभाग आणि आनंद यांचा उल्लेख आहे, असे सांगण्यात येते. उल्लेख आहे खरा. परंतु संशोधन, संग्रह, जतन, अर्थबोधन आणि प्रदर्शन ही कामे त्याच व्याख्येत त्याआधी सांगितली आहेत, हे सांगावयास मात्र ही मंडळी विसरतात. शिवाय 'सर्व' म्हणजे कोण? सुटीच्या दिवशी दुपारी अशा संग्रहालयात जाऊन उभे राहावे. नगर-सोलापूर-जळगावकडून आलेले कुटुंब, डोक्यावर पदर घेतलेली आजी, कडेवर मूल, हातात डब्याची पिशवी. तिकीट काढून ही माणसे आत येतात आणि पहिल्या दालनापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक वस्तू पाहतात. आजी विष्णूच्या मूर्तीला हात जोडते, नातू 'हे काय आहे?' असे विचारतो, आणि त्याला उत्तर देणारे तेथे कोणी नसते. उत्तर देण्याची विद्या ज्यांना आहे, ती माणसे त्या वेळी आगामी महोत्सवाच्या बैठकीत गुंतलेली असतात. हंगामाचे कार्यक्रम या कुटुंबासाठी नाहीत. त्यांना आगाऊ नोंदणी लागते, निराळे शुल्क लागते आणि बहुधा इंग्रजी लागते. ज्याला लोकशाही म्हणतात ती ही असेल, तर सरदारशाही ती कोणती?

इंग्रजीचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी दोन शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे. ज्या भाषेने आम्हांला जगाचे वाङ्मय दाखविले, तिची निंदा आम्ही करणार नाही. पण मराठी मुलूखातील संग्रहालयात, मराठी मुलांना, मराठी मातीतील वस्तू इंग्रजीतून समजावण्यात कोणता पुरुषार्थ आहे? मूर्तीखालील पाटीवर मराठी मजकूर असतो तेथेही तो पुष्कळदा इंग्रजीचा असा काही तर्जुमा असतो की, तो समजण्यासाठी शेजारची इंग्रजी पाटी वाचावी लागते. चित्र दाखवून बोलण्याची कला आम्हांला परक्यांकडून शिकण्याची गरज नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पिढ्यान् पिढ्या हेच करीत आले आहेत. चित्रांची पोथी घ्यावयाची, एकेक पान उचलून समोर धरावयाचे, त्या पानावरील प्रसंग गाऊन सांगावयाचा, आणि तो पुरता रंगला म्हणजे मगच पुढचे पान. गाणे चित्राच्या सेवेला, चित्र गाण्याच्या सेवेला. दोहोंत फारकत नाही. या परंपरेतील परशुराम आत्माराम गंगावणे यांचा २०२१ साली पद्मश्री देऊन गौरव झाला. गौरव झाला, हार पडले. पण त्या रीतीचा मर्मार्थ आमच्या संग्रहालयांच्या दालनांत शिरला नाही.

कीर्तनकारही मूळ पद एकच घेतो. पूर्वरंगात त्याचे निरूपण, उत्तररंगात त्याला धरून आख्यान. मध्ये विनोद येतो, गाणे येते, व्यवहाराच्या चार गोष्टी येतात, पण सारे त्या एका पदाला बांधलेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली त्यांनी औंधच्या मूळपीठ डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले. तेथे राजा रविवर्मा व धुरंधर यांची चित्रे आहेत आणि हेन्री मूर याने घडविलेले मातापुत्राचे शिल्पही आहे. मुंबईत नव्हे, पुण्यात नव्हे, सातारा जिल्ह्यातील एका लहानशा संस्थानाच्या डोंगरावर! खेड्यातील मनुष्याला उत्तम चित्र कळेल, त्याच्यासाठी कलेत पाणी घालण्याचे कारण नाही, ही या उभारणीमागील श्रद्धा आम्हांस आजच्या शंभर महोत्सवांहून मोलाची वाटते.

तिसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे. या वस्तू मुळात काचेमागे ठेवण्यासाठी घडलेल्याच नव्हत्या. दिवा उजळण्यासाठी, मूर्ती पूजेसाठी, वस्त्र नेसण्यासाठी होते. तेव्हा त्यांच्यापुढे गाणे-नाचणे झाले तर त्यांना गेलेले जीवनच परत मिळते, असे काही जण म्हणतात. बॉस्टनच्या संग्रहालयात १९१७ पासून अखेरपर्यंत काम केलेल्या आनंद कुमारस्वामींनी या विचाराची पहिली बाजू मोठ्या अधिकाराने मांडली होती, आणि ती आम्हांस संपूर्ण मान्य आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? वस्तूचे प्रयोजन सांगा, हा. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचे उदाहरण घ्या. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर हिंडून घरगुती वस्तू जमविल्या, त्या संग्रहाला आपल्या दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि १९७५ साली तो सारा शासनाच्या हवाली केला. तेथे दिवे आहेत, अडकित्ते आहेत, पाय घासण्याच्या वज्र्या आहेत. दिवाळीत पणतीला रंग फासणे कोठेही होईल. पण टांगत्या दिव्याखाली उभे राहून तेल कोठे घालीत, साखळी एवढी लांब का, वीज नसलेल्या घरात एका वातीच्या उजेडात काय काय कामे होत, हे सांगणारी एखादी वृद्ध गृहिणी आणून बसवावी, जात्यापुढे ओवी म्हणवून घ्यावी, म्हणजे वस्तूला जीवन परत मिळाले असे म्हणता येईल. तिच्यापुढे सतार वाजविल्याने मिळत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. तिकिटांच्या उत्पन्नात इमारतीची निगाही भागत नाही, देणगीदार उत्सवाला पैसे देतात, पाट्या लिहिण्याला देत नाहीत, ही अडचण खरी आहे व ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. उत्सवाच्या मांडवावर देणगीदाराचे नाव दोन हात उंचीच्या अक्षरांत लागते. चित्राच्या मागील बाजूस लागलेली कसर कोणी थांबविली, हे कोणत्याच फलकावर लिहिले जात नाही. पण देणगीदाराची रुची घडविणे हेही संस्थेचेच काम नव्हे काय? कोणी यजमान समारंभाचा खर्च देऊ म्हणेल, तर 'अवश्य द्या; मात्र समारंभ आमच्या या अमुक चित्राविषयी होईल, आणि त्या चित्रापुढच्या बाकाचा व मराठी निरूपकाच्या वेतनाचा खर्च त्यात धरलेला असेल,' असे सांगण्याची हिंमत चालकांनी दाखवावी. ज्याच्या घरी एवढे धन आहे त्याने पाहुण्यापुढे इतके लवून का उभे राहावे?

दोष केवळ चालकांचा मात्र नाही. सुशिक्षित मध्यम वर्गातील आईबापांना कार्यशाळा हवी असते, कारण तिच्या अखेरीस मुलाच्या हातात काही तरी पडते: एक रंगविलेला रुमाल, एक प्रशस्तिपत्र, एक छायाचित्र. पाहणे हे असे काम आहे की त्याचे प्रशस्तिपत्र देता येत नाही. पाऊण तास एका चित्रापुढे बसून मुलाने घरी काय आणले? काही नाही, निदान कपाटावर मांडण्याजोगे काही नाही. अध्यापनाच्या व्यवसायात उभी हयात घालविल्यामुळे आम्हांस हे पुरते ठाऊक आहे की, जे मोजता येत नाही ते शिकविण्यास आजकाल ना विद्यार्थी तयार, ना पालक, ना संस्था. पण डोळ्यांना शिस्त लागली, तर तीच मुले पुढे पुस्तकाचे पान, झाडाचे पान आणि माणसाचा चेहरा नीट पाहतील. त्या शिस्तीसाठी संग्रहालयासारखी शाळा नाही. तिला करमणुकीचा वर्ग करून आपण आपल्याच मुलांचे नुकसान करीत आहो.

केवळ टीका करून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही, म्हणून तीन सूचना करतो. पहिली, दरमहा एक वस्तू. संग्रहातील एकच चित्र वा मूर्ती निवडावी, तिच्यापुढे पंधरा-वीस माणसांपुरती बसण्याची सोय करावी, आणि त्या महिन्याचे व्याख्यान, गाणे, कार्यशाळा, जे काय व्हावयाचे ते तिच्याच भोवती व्हावे. बॉस्टनच्या गिलमन यांनी १९१६ सालीच संग्रहालयातील थकव्यावर लिहिले होते. हजार वस्तू उभ्याने पाहून आलेला शीण एक वस्तू बसून पाहिल्याने येत नाही. दुसरी, दालनात मराठी निरूपक. त्याच बॉस्टनमध्ये १९०७ पासून वस्तू समजावून देणारी माणसे प्रेक्षकांच्या दिमतीस नेमली गेली. शंभराहून अधिक वर्षे उलटली. आमच्या इतिहासाच्या, संस्कृतच्या, कलाशाळांच्या पदवीधरांपैकी दहा-वीस जणांना हे काम शिकवून, वेतन देऊन, सुटीच्या दिवशी दालनांत उभे करणे अशक्य कोटीतील आहे काय? नोंदणी न करता आलेल्या आजी-नातवाचा पहिला हक्क त्यांच्यावर असावा. तिसरी, वार्षिक वृत्तांतात किती कार्यक्रम झाले आणि किती लोक जमले एवढेच न छापता, त्यांपैकी किती कार्यक्रम संग्रहातील वस्तूंवर झाले आणि त्या वस्तू कोणत्या, हेही छापावे. तो एक आकडा छापला जाऊ लागला, तर पुष्कळ मांडव आपोआप उतरतील.

हे न झाले तर काय बिघडेल, असे कोणी विचारील. संग्रहालये ओस पडणार नाहीत. उलट अधिक गजबजतील. अंगणातील खुर्च्या वाढतील, दिवे वाढतील, वृत्तपत्रांतून छायाचित्रे येतील. बिघडेल ते आत, आणि आवाज न होता बिघडेल. जी वस्तू कोणी डोळे भरून पाहिली नाही, तिची कोणास आठवण राहत नाही. जिची आठवण नाही, तिच्या छपरातून पाणी गळले तरी कोणी ओरडत नाही. आणि जिच्यासाठी कोणी ओरडत नाही, तिच्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम कोण धरणार? पुतळा फोडणारा, चित्र फाडणारा शत्रू निदान ओळखता तरी येतो. पाठ फिरवून टाळ्या वाजविणारा मित्र ओळखता येत नाही, म्हणून तो अधिक घातक. भाऊ दाजींच्या पिढीने वर्गणी जमवून या वास्तू उभ्या केल्या, केळकरांनी आपल्या संसाराला पदरमोड सोसावयास लावून वस्तू जमविल्या. त्यांनी आपल्याकडून महोत्सव मागितला नव्हता, नजर मागितली होती. येत्या हंगामात संग्रहालयाची पत्रिका घरी आली म्हणजे सुज्ञ वाचकांनी चालकांना एवढेच विचारावे की, यांतील कोणता कार्यक्रम आतील कोणत्या वस्तूसाठी आहे. उत्तर आले तर सहकुटुंब जावे. न आले तर कार्यक्रमाची वेळ टळू द्यावी, दुसऱ्या दिवशी सकाळी साधे तिकीट काढून आत शिरावे, आणि मुलाचा हात धरून एकाच मूर्तीपुढे उभे राहावे.